पाइप्सा: मुंबईच्या विजेचा डेटा लावताना आलेला अनुभव

चेंबूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात वीज नियोजनाचं सगळं काम एकाच भल्यामोठ्या एक्सेल फाइलवर चालायचं. कुठली शीट ताजी, हे ती बनवणाऱ्यालाच माहीत. तो नोकरी सोडून गेला आणि मी सगळं पाइप्सावर हलवायचं ठरवलं. पाइप्सा (PyPSA) म्हणजे वीज यंत्रणेचं मॉडेल बनवून कुठल्या तासाला कुठून वीज घ्यायची याचं गणित मांडणारं, पायथॉन भाषेतलं मुक्त सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत. ते गणित सोडवणारा हाय्स (HiGHS) नावाचा सॉल्व्हरही फुकट मिळतो.

मला मनापासून आवडली ती डेटा ठेवायची पद्धत. एक फोल्डर, त्यात साध्या सीएसव्ही फाइली, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेले तक्ते. बस (म्हणजे ग्रीडमधला जोडबिंदू), जनरेटर, लोड (विजेची मागणी), लाइन, साठवण, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. ‘ट्रॉम्बे युनिट ५’ हा वीजनिर्मिती संच म्हणजे एक ओळ: कुठल्या बसला जोडलंय, ५०० मेगावॅट, कोळसा, कार्यक्षमता, चालवायचा खर्च. तासागणिक बदलणारे आकडे दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्ही जुळतात ते फक्त नावावरून.

इथेच माझे दोन दिवस गेले. एका सौर प्रकल्पाच्या नावापुढे माझ्या हातून एक स्पेस जास्त पडली होती. नाव जुळलं नाही, म्हणून त्या प्रकल्पाची उपलब्धता, आकडा न मिळाल्यास सॉफ्टवेअर जो धरतं त्यावर, म्हणजे १ वर (पूर्ण क्षमता) राहिली. मॉडेल रात्री दोन वाजताही पूर्ण क्षमतेने सौर वीज घेत होतं! सूचना स्क्रीनवर आली होती, मी वाचली नव्हती. आता फोल्डर वाचून झाला की तपासणीची कमांड चालवते आणि आलेली प्रत्येक ओळ वाचते.

वेळेचं प्रकरण याहून किचकट. सूर्यप्रकाशाचा डेटा बहुतेक वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत येतो. तसाच चिकटवला तर मुंबईचं ऊन सकाळी सातलाच शिगेला पोचतं. साडेपाच तास पुढे सरकवावं तर तासाच्या डेटात तो अर्धा तास आडवा येतो. मी सगळं आपल्या ग्रीडच्या १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये, दिवसाला ९६, उतरवलं, सरकवलं आणि मग पुन्हा तासावर आणलं. एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष २०२३-२४ घेतलं होतं. त्यात २९ फेब्रुवारी येते, म्हणून ८७६० नव्हे, ८७८४ ओळी.

एककं मात्र सॉफ्टवेअर तपासत नाही, ही मोठी उणीव वाटते. आपण युनिटला ४ रुपये म्हणतो, इथे मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ४००० लिहावे लागतात. हीट रेट, म्हणजे एक युनिट वीज बनवायला लागणारी उष्णता, २४०० किलोकॅलरी असेल तर ८६० (एका युनिटमधली ऊर्जा, किलोकॅलरीत) भागिले २४०० करून कार्यक्षमता ०.३५८ भरायची. भांडवली खर्चही ‘मेगावॅटला इतके कोटी’ असा टाकून चालत नाही. एका वर्षाच्या मॉडेलला त्याचा वार्षिक हप्ता लागतो. म्हणून मूळ आकडा, तो कुठून घेतला आणि रूपांतर कसं केलं, याची वेगळी वही मी ठेवते. पाइप्साच्या फोल्डरला हात लावायच्या आधी ती वही पूर्ण करा, असं मी प्रत्येकाला सांगेन.

जलविद्युत जपून भरा. भिरा हे जलविद्युत केंद्र जनरेटरच्या तक्त्यात टाकलं की ते बाराही महिने अखंड चालतं. त्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणाचं पाणी मोजकं, म्हणून हे केंद्र साठवणीच्या तक्त्यात, धरणात येणाऱ्या पाण्याच्या तासागणिक आकड्यांच्या मालिकेसह टाकायचं.

ती मालिकाही माझी चुकली होती. गेल्या महिन्यात रुजू झालेल्या मुलीला मी नुसता फोल्डर दिला, काही समजावलं नाही. तासाभराने ती विचारत आली, “मॅडम, जुलैत मुळशी कोरडं आणि ऑक्टोबरात भरतंय, असं कसं?” जानेवारीपासूनचे आकडे मी एप्रिलपासूनच्या ओळींवर चिकटवले होते. जुन्या एक्सेलमध्ये हे कुणाच्या नजरेस पडलं नसतं. संध्याकाळी दोघींनी बसून मालिका दुरुस्त केली आणि मॉडेल पुन्हा चालवायला लावून घरी गेलो.