कोथरूडच्या गॅरेजमधला ‘गाडी समजून घ्या’ वर्ग

बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडणाऱ्यांनी हा रविवारचा वर्ग जरूर करावा. शिकवणारे काका स्वतः मेकॅनिक. फळा नाही, टेबलावर कापून ठेवलेलं जुनं पेट्रोल इंजिन. क्रँक (पिस्टन वर-खाली झाले की फिरणारा दांडा) हाताने फिरवत त्यांनी चारही स्ट्रोक दाखवले: हवा-पेट्रोल आत, मग दाब, मग भडका, मग धूर बाहेर. तेवढ्यात क्रँकचे दोन फेरे होतात आणि कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) एकच. हे डोळ्यांनी बघितल्यावर या दोघांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटला की मेकॅनिकचा चेहरा का पडतो ते कळलं. (बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो.)

ब्रेकचा भाग सगळ्यात भारी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुनं झालं की तापल्यावर लवकर उकळतं, वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. खंबाटकी घाट न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्या आमच्या ह्यांना मी मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. गाडी गिअरमध्ये असेल तर उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं, आणि फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल बहुधा बंदच होतं, हे ऐकून गप्प बसले.

बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र घाईत उरकलं. हायब्रिडचं विचारलं तर ‘पुढच्या वेळी’. पंखा एकच, गल्लीत पार्किंगची बोंब. गाडी शिकायला दुचाकीवरून जा! काही विकायचा आग्रह नाही, उलट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अस्सल फिल्टर कसा ओळखायचा तेही सांगितलं. चहा बेताचाच.