वॉरंटीत बॅटरी मिळाली, पण दुसऱ्या फेरीत

गाडी वॉरंटीत आहे आणि सकाळी चावी फिरवली की नुसतं टक टक टक, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतायत. डीलरकडे नेली तर सर्व्हिस अॅडव्हायझरने बोनेट न उघडताच सांगून टाकलं, बॅटरी वॉरंटीत येत नाही, चार्ज करून देतो. दिली करून, आणि तिसऱ्या दिवशी परत तेच! फार राग आला. मग वॉरंटी बुकलेट घेऊनच गेले, बॅटरीची मुदत त्यात वेगळी छापलेली होती, ते पान समोर ठेवलं आणि म्हटलं लोड टेस्ट करा, म्हणजे जोर पडल्यावर बॅटरी टिकते का ते बघा. मेकॅनिक दादा मात्र खरंच चांगला माणूस, मला शेजारी उभं करून मीटर दाखवला, बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट हवेत तिथे 11.8, आणि स्टार्टर मारला की आकडा धाडकन 8 च्या खाली. अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, तोही तपासला, 14.2 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक, दोष बॅटरीचाच. क्लेम पास झाला, एक पैसा द्यावा लागला नाही. मेकॅनिकला 5 स्टार, काउंटरला 2. टेस्टची प्रिंट आणि जॉब कार्डाची (गाडीची तक्रार आणि केलेलं काम लिहितात तो कागद) कॉपी मागूनच घ्या, पहिल्या वेळी मी घेतली नव्हती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. आणि नवीन बॅटरीला पूर्ण मुदत मिळते की जुनीचीच उरलेली, तेही तिथेच लिहून घ्या.