काडीकिड्यांची ने-आण : झाकणवाली प्लास्टिक पेटी, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधल्या शाळांत वर्गात काडीकिडे, म्हणजे काडीसारखे दिसणारे किडे, पाळतात. सुट्टी लागली की ते कोणाच्या तरी घरी जातात, आणि आमच्या लेस्टरच्या शाळेत हे 'कोणीतरी' म्हणजे मी. जात इंडियन स्टिक इन्सेक्ट. मूळ गाव तमिळनाडूतल्या पलनी डोंगरात, म्हणजे तसे आपल्याकडचेच.

गेल्या सप्टेंबरपासून त्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीतून नेते आहे. वर फटींचं झाकण, त्याला कडी, साधारण वीतभर लांबी. कोळी, गोगलगायी वगैरेंसाठी विकतात तीच. शाळेत आधी घडीचा जाळीचा पिंजरा वापरायचे. घरी ठेवायला तो उत्तम: उंच, हवेशीर. प्रवासात मात्र तो डुगडुगतो, फांदी आडवी होते आणि किडे जाळीला घट्ट धरून बसतात. पोहोचल्यावर ओढून काढायला गेलं की पाय तुटतो. लहान पिल्लांचा पाय पुढच्या कातींमध्ये पुन्हा येतो, पूर्ण वाढलेल्यांचा येत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: प्रवासाची पेटी लहानच हवी. आत सुटं काही नको. ब्रॅम्बलची, म्हणजे रानटी ब्लॅकबेरीची, एखादी फांदी दोन्ही भिंतींत अडकेल एवढी कापून बसवायची आणि तळाशी कोरडा टिश्यू चुरगाळून घालायचा. फांदीचं टोक ओल्या टिश्यूत, वर फॉइल. पाण्याची बाटली अजिबात नाही, ती सांडते आणि बारकी पिल्लं त्यात बुडतात. ओल दिसायला निरुपद्रवी, पण प्लास्टिकवर जमलेल्या थेंबाला पिल्लू चिकटलं की सुटत नाही. उलट हवेची फार चिंता नको. एवढ्याशा जिवांना तासाभरासाठी त्या फटी पुरतात.

त्या फटींचंच मोठं दुखणं आहे. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू सेंटिमीटरभर लांब आणि दोऱ्याएवढं जाड, ते आरामात बाहेर येतं. झाकणाखाली जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा ताणून बसवते. हे काम बनवणाऱ्यांनीच करायला हवं होतं, त्यासाठी एक तारा कापला.

दुसरी तक्रार हँडलची. धरून चाललं की पेटी झोके घेते. मी ती कापडी पिशवीत ठेवून पिशवी छातीशी धरते, गाडीत पायांजवळ. पिशवीने उन्हाचीही सोय होते, कारण उन्हात पारदर्शक प्लास्टिक पाहता पाहता तापतं. बसमध्ये कुतूहलाने पेटीवर टकटक करणारेही मग गप्प राहतात.

पेटी कितीही चांगली असली तरी कात टाकायच्या बेतात असलेला किडा हलवू नका. तो खाणं सोडून उलटा लटकून निश्चल राहतो. कात टाकताना खाली ओघळायला त्याला स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त उंची लागते. या पेटीत ती नाही, आणि धक्का बसून तो मध्येच पडला तर वाकडाच राहतो. तो दिसला की मी बाकीचे नेते, त्याला वर्गातच ठेवते.

घरी पोहोचल्यावर टिश्यू तसाच कचऱ्यात टाकू नका. माद्या प्रवासातही अंडी टाकतात. नर जवळजवळ नसतातच, अंडी नराशिवायच फळतात आणि काही महिन्यांनी त्यांतून पिल्लं निघतात. दिसायला अंडी बारीक बियांसारखी असल्याने नजरेतून सुटतात. मी टिश्यू दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच फेकते. नवऱ्याला मटारच्या पिशवीशेजारचा हा डबा अजून पसंत नाही.

प्लास्टिकवर आता ओरखडे आहेत, कडी मात्र अजून घट्ट बसते. पाचपैकी चार तारे. ऑस्ट्रेलियन काटेरी जात पाळत असाल तर घेऊ नका. त्यांची पूर्ण वाढलेली मादी १५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, यात ती वळूही शकणार नाही.