थर्मोस्टॅट परत बसवून नऊ महिने झाले: सोलापूरचा एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी 2013 सालची, 1.2 लिटर पेट्रोल, एक लाख दहा हजार किलोमीटर पळालेली. थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) बसवला नोव्हेंबरच्या शेवटी. तेव्हापासून साडेअकरा हजार किलोमीटर झाले. त्यात रोजचं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, महिन्यातून एकदा पुणे आणि तुळजापूर-पंढरपूरच्या फेऱ्या आल्या. जानेवारीनंतर कूलंटच्या टाकीत एक थेंबही वरून टाकावा लागलेला नाही. एवढे दिवस थांबूनच लिहितोय, कारण हे काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच चांगलं झालेलं असतं. गळती उघड होते ती नंतर.

मुळात गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच. दोन वर्षांपूर्वी गाडी तापली तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काढून टाकला. "सोलापूरच्या उन्हात हा कशाला पाहिजे? पाणी मोकळं फिरू द्या, गाडी तापणारच नाही." हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकायला मिळतं की मलाही ते पटलं. रेडिएटरमध्ये बोअरचं साधं पाणी भरून गाडी हातात आली.

त्याच मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना काटा लाल रेषेला टेकला. थर्मोस्टॅट काढलेला असताना! असं का झालं ते कळायला मला बराच वेळ लागला. माझ्या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन तबकड्या आहेत. वरची उघडली की गरम पाणी रेडिएटरकडे जातं आणि त्याच वेळी खालची तबकडी बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ते भोक कायमचं उघडं राहतं. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परत फिरतो. म्हणजे थंडीत गाडी गरम होत नाही आणि चढावर, उन्हात जेव्हा खरी गरज असते तेव्हा पुरती थंड होत नाही. सगळ्याच इंजिनांत असा बायपास नसतो, पण आपल्यात आहे की नाही हे बघितल्याशिवाय थर्मोस्टॅट काढू देऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

हिवाळ्यात दुसरी बाजू दिसली. इंजिनचा दिवा लागला. गाडीच्या संगणकातला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर पी 0128 हा कोड आला, म्हणजे कूलंट ठरलेल्या तापमानापर्यंत पोचतच नाही. पहाटे पुण्याला निघालो की टेंभुर्णीपर्यंत तापमान 62 ते 65 अंशांवर रेंगाळायचं. इंजिन थंड आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल देत राहायचा. शहरातलं मायलेज 14 वरून 12 वर आलं होतं आणि मी त्याचं खापर ट्रॅफिकवर फोडत होतो.

थर्मोस्टॅट घेतला गाडीच्या मूळ मापाचा, 82 अंशांचा. आकडा तबकडीच्या कडेवर ठोकलेला असतो, दुकानातच बघून घ्यावा. दुकानदार 76 चा देत होता, "आपल्याकडे हाच चालतो" म्हणत. मी घेतला नाही. थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान कमीत कमी किती राहील ते ठरवतो. तो पूर्ण उघडल्यानंतर पुढचं सगळं रेडिएटर आणि फॅनच्या हातात असतं. रेडिएटर खाराने चोंदलेला असेल तर 76 चा लावून काहीही फरक पडत नाही. थर्मोस्टॅट 780 रुपये, वरचा होज पाइप 420, घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणि बॅटरीत घालतात त्या पाण्याचे पाच लिटरचे कॅन, असं सामान झालं.

बसवायच्या आधी तो स्वयंपाकघरात तपासला. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते टाळू नये. स्क्रूड्रायव्हरने झडप थोडी दाबून फटीत दोरा अडकवायचा, थर्मोस्टॅट त्या दोऱ्यावर पातेल्यातल्या पाण्यात टांगायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि गॅस बारीक ठेवायचा. 78 ला काही नाही, 80 ला काही नाही. 82 च्या आसपास झडपेने दोरा सोडला आणि थर्मोस्टॅट पातेल्याच्या तळाला टण्णकन वाजला. आतल्या मेणाने आपलं काम केलं. ते मेण वितळून फुगतं आणि दांड्याला ढकलतं, एवढीच त्याची करामत. गॅस बंद केल्यावर झडप हळूहळू पूर्ण मिटते का, तेही बघितलं.

आता गळतीचं. पहिल्यांदा मी स्वतः बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाउसिंगच्या (थर्मोस्टॅट ज्या कप्प्यात बसतो त्याच्या) खाली हिरवा ओघळ दिसला. बोल्ट अजून आवळला, ओघळ वाढला. शेजारचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "आवळू नको, खोल."

खोलल्यावर चूक समोरच होती. थर्मोस्टॅटच्या कडेला रबरी रिंग असते, ती स्वतःच पॅकिंग आहे. मी वरून सिलिकॉनही लावलं होतं, जास्त खात्री म्हणून. त्या चिकट सिलिकॉनवरून रिंग सरकली होती आणि एका बाजूला खोबणीच्या बाहेर येऊन दोन धातूंमध्ये चिरडली होती. तिथे नखाएवढा चपटा ठसा उमटला होता. त्यात मी एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला होता, त्यामुळे झाकण तिरकं बसलं. आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीवर जुन्या पाण्याच्या खाराचे पांढरे कण तसेच होते. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण अण्णांनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं तेव्हा वाळूसारखं लागलं.

दुसऱ्यांदा आधी भोकात स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे कण इंजिनात पडायला नकोत. खार प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, कारण लोखंडी ब्लेडने ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि पाणी त्या चऱ्यातून वाट काढतं. वरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने मारला. बोट फिरवून काहीच लागेना तेव्हाच थांबलो. रिंग नवी आणली, तिला नुसतं कूलंटचं बोट लावलं, सिलिकॉन अजिबात नाही. मेणाची बाजू इंजिनाकडे आणि कडेवरची छोटी हलती पिन वर. त्या पिनच्या भोकातून अडकलेली हवा निघून जाते, ती खाली आली तर हवा आतच राहते. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी टेकेपर्यंत, मग पान्याने आळीपाळीने पाव-पाव फेरा. सहा मिलिमीटरचे बोल्ट आहेत, मॅन्युअलमध्ये 10 न्यूटन-मीटर दिलंय, म्हणजे लहान रॅचेटवर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. ज्यांचं हाउसिंग प्लॅस्टिकचं आहे त्यांनी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) मागून आणावा, पण अंदाजाने आवळू नये. बोल्ट जिथे बसतो तो कान तडकला तर हाउसिंगच बदलावं लागतं.

पहिल्या वेळी कूलंट भरण्याआधी बोअरचं पाणी पूर्ण काढणं भाग होतं. बॅटरीच्या पाण्याने तीनदा धुतलं. पहिल्यांदा चहासारखं निघालं, तिसऱ्यांदा जवळपास स्वच्छ. इथे एक गोष्ट सहज निसटते. रेडिएटरचा नळ उघडला तरी इंजिनच्या पोटात दीड लिटर पाणी राहतंच. त्यावर तयार मिसळलेलं कूलंट ओतलं तर ते पातळ होतं. माझ्या गाडीत एकूण 4.8 लिटर मावतं, म्हणून आधी 2.4 लिटर घट्ट कूलंट ओतलं आणि उरलेली जागा पाण्याने भरली. निम्मं-निम्मं आपोआप जमलं.

दुसऱ्यांदा भरून हवा काढताना बाटलीने मोजत गेलो. निघालं होतं 3.3 लिटर, आत गेलं फक्त 2.7 लिटर आणि रेडिएटर काठोकाठ दिसायला लागला. म्हणजे 600 मिलीलिटर हवा कुठेतरी अडकलेली. तसंच झाकण लावून निघालो असतो तर होटगी रोडवरच गाडी तापली असती. घरासमोरच्या रॅम्पवर तोंड वर करून गाडी उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडं ठेवून इंजिन थंड असतानाच चालू केलं. वीसेक मिनिटांनी वरचा होज एकदम गरम झाला, पातळी भसकन खाली गेली, चार-पाच मोठे बुडबुडे आले. थोडं ओतलं, होज हाताने दाबला, पुन्हा ओतलं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर शेवटचे दीडशे मिलीलिटर गेले आणि हिशेब जुळला. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका, दाबातलं पाणी थेट तोंडावर येतं.

मग एका रेडिएटरवाल्याकडे पंप लावून एक बारचा दाब दिला, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. शंभर रुपये घेतले त्याने. हे आधीच करायला हवं होतं.

तरीही जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, पहाटे होजच्या टोकाला ओल दिसायला लागली. गाडी गरम झाली की ओल गायब, दुपारी हात लावला तर सगळं कोरडं. नव्या होजबरोबर मी स्क्रूची क्लिप लावली होती. थंडीत रबर आकसतं, स्क्रूची क्लिप जिथल्या तिथे राहते आणि पहाटे तेवढीच फट पडते. मूळची स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर स्वतः आकसते. गाडीबरोबर आलेली जुनी क्लिप डब्यात ठेवलेली होती, तीच पक्कडीने परत चढवली. ओल थांबली ती आजपर्यंत. स्प्रिंगची क्लिप काढली की टाकून देऊ नका.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बाहेर पारा 42 च्या वर, एसी चालू, चौघं गाडीत, तोच तुळजापूरचा घाट. स्कॅनर लावूनच निघालो होतो. सपाटीवर 87-88, चढावर 96 पर्यंत गेलं, फॅन लागला, वर पोचेस्तोवर 91. गेल्या वेळी जिथे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभं राहावं लागलं होतं, तो वळणावरचा कट्टा मागे गेला तेव्हा आई मागून म्हणाली, "इथंच थांबलो होतो की रे आपण."

मायलेज शहरात पुन्हा 14 ला आलं. इंजिनचा दिवा परत लागला नाही. नाराजी एकच, थर्मोस्टॅटबरोबर आलेली रिंग चांगली होती, पण दुसऱ्यांदा सुटी रिंग शोधायला तीन दुकानं फिरलो. पार्ट घेतानाच एक जास्तीची रिंग मागून ठेवा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका. त्याची चव गोड असते आणि ते विषारी असतं, गल्लीतली कुत्री आणि मोकळी गुरं ते चाटतात. माझ्याकडचं दुसऱ्यांदा खोलताना निघालेलं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये माळ्यावर आहे, पुढच्या सर्व्हिसला ते कंपनीच्या वर्कशॉपात देणार आहे.