सहा शत्रू कॅनडात, सहा वैमानिक हॉलंडमध्ये: आधी कोणता पाहावा?

दुसऱ्या महायुद्धातला एखादा चांगला ब्रिटिश प्रचारपट सुचवा, असं कुणी म्हटलं की मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचे दोन सिनेमे हटकून पुढे येतात. एक १९४१ चा ‘फॉर्टी-नाइन्थ पॅरलल’ आणि दुसरा १९४२ चा ‘वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग’. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. सहा माणसं शत्रूच्या मुलुखात अडकतात आणि तिथून निसटायची धडपड करतात. पहिल्यात ते सहा जण नाझी पाणबुडीवरचे आहेत आणि मुलूख कॅनडाचा. दुसऱ्यात ते ब्रिटिश बाँबफेकी विमानातले आहेत आणि मुलूख जर्मनांच्या ताब्यातला हॉलंड. एरिक पोर्टमन दोन्हीकडे आहे. पहिल्यात तो कडवा नाझी अधिकारी हिर्थ, दुसऱ्यात यॉर्कशायरचा सरळसाधा वैमानिक. एका संध्याकाळी एकच पाहायचा असेल तर कोणता, यावर मात्र पाहणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात.

आधी पहिला. हडसन उपसागरात शिरलेली जर्मन पाणबुडी कॅनडाची विमानं बाँब टाकून बुडवतात, आणि रसद आणायला किनाऱ्यावर उतरलेले सहा जण तिथेच अडकतात. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तेव्हा तटस्थ असलेल्या अमेरिकेत निसटण्यासाठी त्यांचा प्रवास: हडसन बे कंपनीचं व्यापारी ठाणं, मॅनिटोबातली हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वसाहत, विनिपेग, बॅन्फचे डोंगर आणि शेवटी नायगारा. दर टप्प्यावर एखादा गळतो. १९४१ च्या ऑक्टोबरात हा लंडनमध्ये लागला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं यात पैसे घातले होते, आणि शेजारच्या अमेरिकेला ‘हे तुमच्याही दारात येऊ शकतं’ हे दाखवणं हाच हेतू होता. प्रेसबर्गरला याच्या कथेसाठी ऑस्कर मिळालं.

याबद्दलची नेहमीची तक्रार लॉरेन्स ऑलिव्हिएची. फ्रेंच-कॅनेडियन शिकाऱ्याच्या भूमिकेत त्यानं जे उच्चार लावलेत ते कानाला खुपतात, असं अनेक जण म्हणतात, आणि ते खरं आहे. तो फार लवकर पडद्यावरून जातो, तरी तेवढ्यातही तो सगळ्यांच्या वर आवाज चढवतो. दुसरी तक्रार लेस्ली हॉवर्डच्या भागाची. तो डोंगरात तंबू ठोकून बसलेला लेखक आहे. तंबूत पिकासो आणि मातीसची चित्रं, थॉमस मानचं पुस्तक, आणि बोलणं चहाच्या टेबलावरचं. काहींना हा भाग रेंगाळलेला आणि आत्मसंतुष्ट वाटतो. मला त्याचं मोल कळतं ते पुढच्या प्रसंगात, हाच माणूस निःशस्त्र असूनही गुहेत लपलेल्या नाझीच्या गोळ्या मोजत मोजत पुढे चालत जातो तेव्हा. पण तोवर पोहोचायला धीर लागतो, हे मान्य.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. कॅनडाच्या मोकळेपणाचे इतके गोडवे गाणारा हा सिनेमा इन्युइट आणि तिथल्या मूळ रहिवाशांना जवळपास बोलूच देत नाही. ते दिसतात, गोळ्या खातात, बॅन्फच्या सोहळ्यात पोशाख घालून उभे राहतात, एवढंच. आजच्या प्रेक्षकाला हे जाणवणारच.

तरीही हा सिनेमा का पाहावा, तर हटराइट वसाहतीसाठी. हे लोक मूळचे जर्मन, धर्मासाठी छळ सोसून आलेले, म्हणून हिर्थला वाटतं की आपण आपल्याच माणसांत आलोय. तो सभेत उठून रक्ताचं नातं, नवी व्यवस्था आणि फ्यूरर म्हणजे हिटलर यांवर घणाघाती भाषण ठोकतो आणि शेवटी हात उंचावतो. समोर सगळे गप्प. मग अँटन वॉलब्रुकनं साकारलेला पीटर उठतो आणि शांत आवाजात सांगतो की आम्ही तुमचे भाऊ नाही. वॉलब्रुक स्वतः व्हिएन्नात जन्मलेला, जर्मन पडद्यावर नाव कमावून मग नाझींमुळे तो देश सोडलेला नट. त्याच्या सुरात जो थकवा आणि ठामपणा आहे तो अभिनयाच्या शाळेत शिकून येत नाही. प्रचारपटांना नावं ठेवणारेसुद्धा या भाषणापाशी थांबतात.

मला त्याच वसाहतीतला व्होगेल अधिक आठवतो. हाही त्या सहांपैकीच, पण नौदलात येण्याआधी पाववाला होता. वसाहतीच्या भट्टीपाशी उभं राहून पाव भाजता भाजता त्याला आपण मुळात कोण होतो ते सापडतं, आणि तो तिथेच राहायचं ठरवतो. हिर्थ त्याच्यावर तिथल्या तिथे खटला चालवून त्याला मारतो. लंडनवर बाँब पडत असताना, सरकारी पैशातून, शत्रूच्या खलाशाला इतकं माणूसपण देणं ही मोठी हिंमत होती. ‘नाझीच नायक झालेत’ असा आक्षेप काही प्रेक्षक घेतात, पण माझ्या मते सिनेमाची ताकद तिथेच आहे. हिर्थ हुशार आहे, चिवट आहे, म्हणून तर त्याची भीती वाटते.

आता दुसरा. ‘बी फॉर बर्टी’ नावाचं वेलिंग्टन विमान स्टुटगार्टवरच्या हल्ल्याहून परतताना मार खातं, आणि सहाही जण पॅराशूटनं हॉलंडमध्ये उतरतात. डच लोक त्यांना हाताहाती लपवत समुद्रापर्यंत पोहोचवतात. यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. इंजिनाची घरघर, सायकलींची चाकं, बुटांचे आवाज, दुरून येणारे जर्मन हुकूम, बस्स. पहिल्या सिनेमाला ब्रिटिश संगीतकार व्हॉन विल्यम्सचं भारदस्त संगीत आहे, त्यामुळे हा फरक लगेच ऐकू येतो. याचे चाहते नेमकं हेच सांगतात: माहितीपट पाहतोय असं वाटतं, कुणी भाषण देत नाही, आणि सूत्रं बायकांच्या हाती आहेत.

ते शेवटचं शंभर टक्के खरं. पामेला ब्राऊनची शिक्षिका या वैमानिकांची अशी उलटतपासणी घेते, की पाहणाराही सावरून बसतो. हे खरेच ब्रिटिश आहेत, की आपल्याला अडकवायला पाठवलेले जर्मन, याची खात्री झाल्याशिवाय ती मदतीला तयार होत नाही. चुकलं तर अख्ख्या गावाला किंमत मोजावी लागेल हे तिला ठाऊक आहे. गूगी विदर्सची यो द फ्रीस तर जर्मनांच्या नाकाखाली घर चालवते आणि त्याच घरातून माणसं पार करते. १९४२ मध्ये बायकांना इतकं डोकं आणि इतका अधिकार देणारे युद्धपट थोडेच होते.

तक्रारी इथेही आहेत. सहा जण चटकन ओळखू येत नाहीत. वयस्क मशीनगनवाले सर जॉर्ज आणि पोर्टमन सोडले तर बाकीच्यांची नावं मनात बसायला वेळ लागतो. डच माणसं लंडनच्या रंगभूमीवरचं इंग्रजी बोलतात. आणि जर्मन फारसे जवळून दिसतच नाहीत, त्यामुळे पहिल्यासारखी विचारांची झुंज इथे नाही. इथे सगळे आपले चांगले आहेत. कसब म्हणून दुसरा सिनेमा जास्त घोटलेला आहे, यात मला शंका नाही. पण जोखीम पहिल्यानं घेतली.

म्हणून माझं मत असं: एकच पाहायचा तर ‘फॉर्टी-नाइन्थ पॅरलल’, त्याच्या खडबडीत भागांसकट. डेव्हिड लीनचं संकलन आणि फ्रेडी यंगचं छायाचित्रण यात एकत्र आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ज्यांच्या हातून पुढे घडला तीच ही दोन माणसं, आणि कॅनडाच्या विस्तीर्ण भूमीची दृश्यं पाहताना त्याची चाहूल लागते. मात्र भाषणं ऐकली की तुम्ही वैतागत असाल, किंवा घरच्यांबरोबर बसून एका दमात पाहायचं असेल, तर ‘एअरक्राफ्ट’ घ्या. तो लांबीलाही आटोपशीर आहे. दोन्ही पाहणार असाल तर काढले त्याच क्रमानं पाहा. पोर्टमनला आधी हिर्थ म्हणून पाहून मग ब्रिटिश गणवेशात पाहणं हा वेगळाच अनुभव आहे.

एक काळजी घ्या. पहिला सिनेमा अमेरिकेत ‘द इन्व्हेडर्स’ या नावानं कापून लावला होता. तुमच्या हाती आलेली प्रत दोन तासांहून कमी भरत असेल तर ती बहुधा तीच. पूर्ण प्रत साधारण १२३ मिनिटांची आहे.