सदोष गाडीची भरपाई: तडजोडीत अर्ज करावा, बाहेर पडावे, की रिकॉलवरच थांबावे?

अमेरिकेत काही वर्षे गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या टपालात केव्हा ना केव्हा एक साधेसे कार्ड येऊन पडते. त्यावर एखाद्या न्यायालयाचे नाव असते, गाडीचे मॉडेल आणि वर्ष असते, आणि या तडजोडीमुळे तुमच्या कायदेशीर हक्कांवर परिणाम होऊ शकतो अशा अर्थाचे वाक्य असते. जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर ते बहुधा केरात जाते. ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्राहकांना अर्ज करावा लागणाऱ्या सामूहिक दाव्यांत (एकाच प्रकारचे नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीने चालणाऱ्या एकत्रित खटल्यांत) अर्ज करणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ९ टक्के आढळले, आणि दाव्यांचा आकार लक्षात घेऊन काढलेली सरासरी ४ टक्क्यांवर आली. बाकीच्यांनी विचारपूर्वक नकार दिला असता तर गोष्ट वेगळी होती. परंतु आपल्यासमोर निवड आहे हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणून या निवडीतील मार्ग एकमेकांशेजारी ठेवून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम रिकॉलचा गोंधळ दूर करायला हवा. रिकॉल हा सुरक्षा कायद्याखालचा उपाय आहे: सुरक्षेला धोका ठरणारा दोष निर्मात्याने विनामूल्य दूर करायचा असतो, त्यासाठी कोणताही दावा करावा लागत नाही, आणि हा विनामूल्य दुरुस्तीचा हक्क गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत राहतो. सतरा अक्षरी वाहन ओळख क्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल दिसतात. मात्र रिकॉल गाडी दुरुस्त करतो. गाडीची घटलेली किंमत किंवा दुरुस्तीच्या काळात भाड्याने घेतलेल्या गाडीचा खर्च तो सहसा भरून देत नाही. सामूहिक दाव्याची तडजोड नेमकी या आर्थिक नुकसानासाठी असते. त्यामुळे या दोहोंत निवड करायची नसते. रिकॉलची दुरुस्ती करून घ्यावी आणि तडजोडीचा अर्जही भरावा. काही तडजोडींत तर पहिल्यावाचून दुसरे मिळतच नाही. ह्युंदाई आणि किया यांच्या थीटा दोन इंजिनांच्या तडजोडीत इंजिनाच्या शॉर्ट ब्लॉकवर (इंजिनाच्या खालच्या मुख्य भागावर) आजीवन वॉरंटी देण्यात आली, पण इंजिनातील ठोके ओळखणारे सॉफ्टवेअर गाडीत बसवून घेणे ही तिची अट होती.

आता अर्ज करणे आणि काहीच न करणे यांची तुलना. नुकसानभरपाईच्या दाव्यांत, फेडरल न्यायालयांतील सामूहिक दाव्यांच्या नियम २३ नुसार, दाव्यात कोण येते याच्या व्याख्येत बसणारा प्रत्येक जण स्वतःहून बाहेर पडला नाही तर तडजोडीने बांधला जातो. याचा अर्थ असा की गप्प बसणाऱ्याचा त्या दोषाबद्दल कंपनीवर दावा करण्याचा हक्क जातो, आणि रोख भरपाईसाठी अर्ज आवश्यक असेल तर पैसेही मिळत नाहीत. वाढीव वॉरंटीसारखा लाभ कधी कधी अर्जाविना लागू होतो, तेवढाच अपवाद. एरवी गप्प बसण्याच्या बाजूने मांडण्यासारखा एकही मुद्दा मला सापडत नाही. वकिलांचे शुल्क न्यायालय मंजूर करते आणि ते तडजोडीच्या निधीतून किंवा कंपनीकडून जाते. अर्जदाराच्या खिशातून काही जात नाही.

अर्ज केल्यावर हाती काय पडेल यात मात्र जमीनअस्मानाचा फरक असतो. फोक्सवॅगनच्या दोन लिटर डिझेल गाड्यांची तडजोड सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजूर केली. सुमारे ४,७५,००० गाड्यांसाठी १० अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद झाली. प्रदूषण चाचणीत गाड्या कमी धूर सोडतात असे भासवण्याची कंपनीची फसवणूक सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाली होती, आणि गाडीची किंमत ती बातमी फुटण्यापूर्वीच्या बाजारभावाने धरली गेली. शिवाय बहुतेक मालकांना साधारण ५,१०० ते १०,००० डॉलर वेगळे मिळाले. एवढी भरपाई समोर असताना बाहेर पडण्यासाठी फारच भक्कम कारण लागते. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या तडजोडींचे स्वरूप वेगळे होते. २०१७ मध्ये टोयोटा, बीएमडब्ल्यू, माझदा आणि सुबारू यांनी मिळून ५५.३ कोटी डॉलर मान्य केले. त्यांतून रिकॉलपायी झालेला प्रत्यक्ष खर्च भरून मिळणार होता आणि उरलेल्या निधीतून प्रत्येकी जास्तीत जास्त ५०० डॉलर. चोरीरोधक इमोबिलायझर (योग्य किल्लीविना इंजिन सुरू होऊ न देणारे उपकरण) नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्यांच्या तडजोडीत चोरीने गाडी पूर्ण गेली असेल तर कमाल ६,१२५ डॉलर आणि नुसते नुकसान झाले असेल तर कमाल ३,३७५ डॉलर, अशी मर्यादा ठरली. ‘कमाल’ हा शब्द अशा प्रत्येक सूचनापत्रात नीट वाचावा, कारण निधी ठरावीक असेल आणि अर्ज जास्त आले तर रक्कम त्या प्रमाणात घटते.

खरी अवघड निवड अर्ज करणे आणि वगळून घेणे, म्हणजे तडजोडीतून बाहेर पडणे, या दोहोंमध्ये आहे, आणि फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचे प्रकरण ती सर्वांत स्पष्टपणे दाखवते. २०११ ते २०१६ च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ च्या फोकस या गाड्यांत हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स थरथरत असे आणि गाडी उचल घेताना अडखळत असे. तडजोडीत गिअरबॉक्सचे भाग बदलण्यासाठी किमान तीन वेळा डीलरकडे गेलेल्या मालकाला २०० डॉलरपासून सुरुवात करून, फेऱ्यांच्या संख्येनुसार, २,३२५ डॉलरपर्यंत रक्कम ठेवली होती. वारंवार बिघडलेली गाडी कंपनीने परत घ्यावी यासाठी लवादाची वेगळी व्यवस्थाही होती. एकदोन वेळा त्रास होऊन नंतर गाडी विकून टाकलेल्या मालकासाठी एवढे पुरेसे म्हणता येईल. परंतु कॅलिफोर्नियात नवी घेतलेली, वॉरंटीच्या काळात पुन्हा पुन्हा कार्यशाळेत पडून राहिलेली गाडी ज्याच्याकडे होती, त्याच्यापुढे त्या राज्याचा ‘लेमन लॉ’, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या सदोष गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, हा समर्थ पर्याय होता. या कायद्याखाली गाडीची किंमत परत मिळू शकते, कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केल्याचे सिद्ध झाले तर प्रत्यक्ष नुकसानाच्या दुपटीपर्यंत दंड लावता येतो, आणि जिंकलेल्या ग्राहकाच्या वकिलाचे शुल्क कंपनीला द्यावे लागते. अशा मालकाने तडजोडीत राहून दोन हजार डॉलर स्वीकारणे म्हणजे मोठा हक्क स्वस्तात सोडणे ठरले असते. अनेकांनी बाहेर पडून स्वतंत्र दावे केलेही.

पण बाहेर पडणे म्हणजे एकट्याने उभे राहणे. दोष आपल्याच गाडीत होता आणि त्यामुळे आपलेच एवढे नुकसान झाले, हे स्वतः सिद्ध करावे लागते. सामूहिक दावा सुरू असताना थांबलेले, दावा दाखल करण्याच्या मुदतीचे घड्याळ बाहेर पडताच पुन्हा चालू होते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत थोडेच दिवस उरलेले असू शकतात. राज्याराज्यांतले लेमन लॉ एकसारखे नाहीत, आणि वापरलेली गाडी घेतलेल्यांनी तर अधिकच जपून पाऊल टाकावे: मूळ वॉरंटी शिल्लक असली तरी केवळ तेवढ्याने वापरलेली गाडी ‘नवे वाहन’ ठरत नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला आहे. माझे मत असे की नुकसान काही शे डॉलरांचे असेल तर वगळून घेण्याचा विचारही करू नये. ते काही हजारांत असेल, दुरुस्तीच्या नोंदी हातात असतील आणि गाडी नवी घेतलेली असेल, तर मुदत संपण्यापूर्वी लेमन लॉचे काम करणाऱ्या वकिलाला एकदा विचारल्याशिवाय अर्जावर सही करू नये.

हरकत नोंदवणे हा तिसरा मार्ग लोक निष्फळ समजतात, आणि ते पूर्णपणे खरे नाही. हरकत घेणारा तडजोडीतच राहतो, त्यामुळे तिच्यासोबत अर्जही भरता येतो. फक्त वगळून घेतलेल्याला हरकत घेता येत नाही. फोर्डच्याच प्रकरणात २०१७ मध्ये मंजूर झालेली तडजोड हरकतदारांच्या अपिलानंतर २०१९ मध्ये फेरविचारासाठी परत पाठवली गेली, आणि २०२० मध्ये मंजूर झालेल्या सुधारित तडजोडीत किमान हमी रक्कम आली. त्यासाठी इतर मालकांना तीन वर्षे थांबावे लागले, हेही त्याच पारड्यात टाकायला हवे.

ज्यांना शारीरिक इजा झाली आहे त्यांची वाट मुळातच निराळी आहे. आर्थिक नुकसानाच्या तडजोडी बहुधा इजा आणि मृत्यूचे दावे वगळतात. जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचच्या (किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) प्रकरणात घटलेल्या किमतीबद्दलची १२ कोटी डॉलरची तडजोड २०२० मध्ये मंजूर झाली. त्याच्या कितीतरी आधी स्वतंत्र भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य करून त्यांचे दावे निकाली काढले होते. तरीही सूचनापत्रातील ‘सोडून दिलेले हक्क’ हा भाग अशा कुटुंबाने वकिलाकडून वाचून घ्यावा.

कोणताही मार्ग धरला तरी कागद लागतातच. दुरुस्तीच्या पावतीवर तारीख, मैलांची नोंद आणि बदललेल्या भागाचे नाव असावे. पावती हरवली असेल तर डीलरकडून सेवा नोंदींची प्रत मागावी आणि बँकेचा किंवा कार्डाचा उतारा जोडावा. गाडी विकली म्हणून हक्क गेला असे धरून चालू नये, कारण अनेक तडजोडींत पूर्वीचे मालक आणि भाडेकरारावर गाडी घेतलेलेही येतात. वगळून घेण्याची अंतिम तारीख बहुधा अर्जाच्या अंतिम तारखेच्या आधी येते, म्हणून कार्ड मिळताच पहिल्यांदा तीच शोधावी. वगळण्याच्या पत्रात नाव, पत्ता, वाहन ओळख क्रमांक आणि सही असावी, आणि टपालात टाकल्याचा पुरावा जपून ठेवावा.