कर्वेनगरातले गिरणीवरचे मेजरसाहेब: पाचपैकी चार तारे

आधी तक्रार करून टाकते. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देणाऱ्या या मेजरसाहेबांकडे जाण्यापूर्वी आम्ही सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका भल्या मोठ्या अ‍ॅकॅडमीत २५,००० रुपये भरून बसलो होतो. भिंतभर कमांडोंचे फोटो, एसी हॉल, ब्लेझर घातलेली मुलगी. दीड महिना माझ्या भाच्याकडून दोरखंड चढवून घेतला, इंटरव्ह्यूत खुर्चीवर कसं बसायचं ते शिकवलं. पण ‘बाळा, तुझा पासपोर्ट कुठला?’ हे एकानंही विचारलं नाही. फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना होता, पोरानं त्यात ‘यूएसए’ लिहिलंही होतं. कुणी वाचलंच नाही. पैसे परत मागितले तर म्हणे ‘पॉलिसीत बसत नाही’.

भाचा म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. जन्म न्यू जर्सीचा. दादा-वहिनीही पुढे तिकडचे नागरिक झाले. पोराला वयाच्या चौथ्या वर्षी ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड मिळालं, आणि घरात सगळे धरून चालले की तो ‘दोन्हीकडचा’ आहे. मार्चमध्ये अठरा पूर्ण झाले, जूनमध्ये बॅग घेऊन माझ्याकडे कोथरूडला हजर. ‘आत्या, मला पॅरा एसएफमध्ये जायचंय.’ म्हणजे लष्कराच्या कमांडो तुकड्या, पॅरा स्पेशल फोर्सेस. मरून बेरे टोपी, छातीवरचा बिल्ला, सगळं पाठ. त्या बिल्ल्यावर ‘बलिदान’ हा शब्द देवनागरीत असतो याचं त्याला फार अप्रूप. देवनागरी वाचताना स्वतः अडखळतो, ते सोडा.

मेजरसाहेबांचं (निवृत्त, नाव लिहू नका म्हणालेत) ऑफिस कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्या. दारावर पाटी: ‘फोनवर सल्ला मिळणार नाही. मुलाला आणा. नुसते पालक नकोत.’ फी एका बैठकीची १,५०० रुपये. पहिलं वाक्य नमस्काराच्याही आधी: ‘पासपोर्ट दाखव.’ पोरानं अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआयचं बुक अशी दोन्ही टेबलावर ठेवली. साहेबांनी ओसीआयवर बोट ठेवलं. ‘हा आजीवन व्हिसा आहे. नागरिकत्व नाही. याच्यावर तुला मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही आणि फौजेत अधिकारी होता येत नाही.’

मग त्यांनी यूपीएससीची एनडीएच्या (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षेची जुनी जाहिरात काढली आणि पोराला पात्रतेचा परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. भारताचा नागरिक, नेपाळचा प्रजाजन, १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेले तिबेटी निर्वासित, आणि कायमचं राहायला म्हणून पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका, केनिया, युगांडा, टांझानिया अशा देशांतून आलेले भारतीय वंशाचे लोक. झांबिया, मलावी, इथिओपिया, व्हिएतनामसुद्धा आहेत त्यात. पोरानं यादी दोनदा वाचली. अमेरिका नाही. त्याचा चेहरा असा झाला की मी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली. अठरा वर्षांच्या घोड्याला!

साहेबांनी थांबू दिलं नाही, कागदावर हिशेबच मांडला. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेला सज्ञान माणूस अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला असेल, तर नागरिक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. बारा महिने भरणार पुढच्या जूनमध्ये, तेव्हा हा सव्वाएकोणीस वर्षांचा. मग फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडून वर दिल्लीला. एनडीएची मर्यादा साडेएकोणीस. ‘म्हणजे खडकवासला विसर. पुण्यात डिग्री कर, त्यात अर्ज कर, मग सीडीएस, म्हणजे पदवीनंतरची फौजी अधिकारी व्हायची परीक्षा, दे. आधी साधा अधिकारी हो. एसएफसाठी नंतर स्वेच्छेनं नाव द्यायचं, काही महिन्यांचं प्रोबेशन, आणि बरेच जण तिथून परत येतात. परत आलास तरी अमेरिकन पासपोर्ट परत येणार नाही. हे धरून ठरव.’

तोवर मला वाटत होतं, एक पासपोर्ट कपाटात राहील. राहत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि तिकडचं सोडायचं तर वकिलातीत शपथेवर सोडावं लागतं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, ‘तिथल्या आर्मीत गेला असता तर पासपोर्ट तरी राहिला असता.’ खरंच आहे. तिकडच्या स्पेशल फोर्सेसना अमेरिकन नागरिकच लागतो आणि तो तर हा आयता आहे. पण पोराला ‘बलिदान’वाला बिल्ला हवाय, त्याला काय करणार?

गंमत म्हणजे दुसऱ्या बैठकीला बाहेरच्या बाकावर फलटणचा एक मुलगा वडिलांसोबत बसला होता. त्याचं अगदी उलटं. त्याला फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी लोकांना भरती करणाऱ्या फ्रान्सच्या फौजेत, जायचं होतं आणि एका एजंटनं तीन लाख मागितले होते. साहेब आतूनच ओरडले, ‘एक पैसा देऊ नका!’ लीजन भरतीचे पैसे घेत नाही, फ्रान्सला मात्र स्वखर्चानं पोचावं लागतं. पहिला करार पाच वर्षांचा, तीन वर्षांनी फ्रेंच नागरिकत्व मागता येतं, आणि लढाईत जखमी झालेल्यांसाठी १९९९ पासून वेगळी सोय आहे, तिला ‘सांडलेल्या रक्तानं फ्रेंच’ असं काहीतरी म्हणतात. नुसतं भरती होऊन भारतीयत्व जात नाही, पण फ्रेंच नागरिकत्व आपणहून घेतलं की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीयत्व त्याच दिवशी गेलं. ते वडील हळूच माझ्याकडे वळले. ‘ताई, मग गावची शेती?’ वारशानं मिळते, विकत घेता येत नाही, एवढं मला एव्हाना ठाऊक झालं होतं. सांगितलं. तोवर दोन्ही पोरं एकमेकांचे पासपोर्ट हातात घेऊन बघत बसली होती. दोन्ही निळेच.

एक तारा का कापला? अर्ज भरून देणं, वकील गाठून देणं यातलं साहेब काही करत नाहीत, ‘ते माझं काम नव्हे’ म्हणून मोकळे होतात. शिवाय मुलाचं वजन, चष्मा यावर इतकं फटकळ बोलतात की हळव्या पोराला नेऊ नये.

आमच्या फ्रिजवर आता कॅलेंडर लागलंय. भारतात राहायच्या त्या बारा महिन्यांत फार तर तीस दिवसांची सूट मिळू शकते, तीही विशेष कारण असेल तर, म्हणून यानं डिसेंबरातल्या चुलतबहिणीच्या लग्नाला न्यू जर्सीतल्या एडिसनला जायला नकार दिला. वहिनी माझ्याशी बोलत नाहीये.

वेळ घ्यायची तर सकाळी अकराच्या आत घ्या. नंतर खाली गिरणी सुरू होते आणि साहेबांचंही ऐकू येत नाही.